ताटातला सोनेरी फोन

दोनशे अठ्ठावीस ग्रॅम.

एक जीभ, अगदी जवळून. हिरड्या, दात, खालच्या ओठाची आतली बाजू.

"ह्याला कुंकू लावायचं म्हंजे काचंवर लावायचं का खोक्यावर?"

विहिरीच्या कठड्यावर चुन्यानं लिहिलेले दहा आकडे. त्यातला सात पुसट झाला होता. कुणीतरी विटेच्या तुकड्यानं तो परत गिरवलाय.

मदुराईत छत्तीस अंश. आकाश निरभ्र.

"बोटाला जखम असेल तर अंगठ्यानं उघडतो. अंगठ्याला असेल तर चेहऱ्यानं."

खारी बिस्किट, बशीत बुडून फुगलेलं.

बिस्किट आणि विहीर सोडली तर हे सगळं एकाच गुरुवारी, विट्यात, एका मोबाईलच्या दुकानात घडलं. अकरा ते दीडच्या दरम्यान.

कशासाठी

पूर्वी साखरपुड्याच्या ताटात साडी, नारळ, पेढे आणि अंगठी असायची. आता फोनही असतो. ही पद्धत कुणी पाडली ते कुणालाच सांगता येत नाही, पण आमच्याकडं ती सात-आठ वर्षांत अशी घट्ट बसलीय की फोन नसलेलं ताट दिसलं तर बायका आधी मुलाच्या आईकडं बघतात आणि मग एकमेकींकडं. कारण विचारलं तर सांगतात: साखरपुडा ते लग्न, दोघांनी बोलावं, ओळख व्हावी. खरं कारण फोटोत असतं. ताट, ताटात खोकं, खोक्यावर हळदकुंकू, आणि मागं उभे असलेले काका-मामा. खोक्यावरचं नाव कॅमेऱ्याला नीट दिसतंय ना, एवढ्या एकाच काळजीनं त्यांच्या माना वाकड्या झालेल्या असतात.

रविवारी प्रांजल खरातचा साखरपुडा होता. तिचा फोन घ्यायला गुरुवारी दोन्हीकडची माणसं विट्याला आली. "तुझ्याच पसंतीचा घ्यायचा," असं तिला तिघांनी वेगवेगळं सांगितलं होतं. ज्या अर्थी तिघांनी सांगितलं त्या अर्थी ते खोटं असणार, हे तिला कळायला हवं होतं. तिनं ते खरं धरलं आणि कागद लिहून आणला.

प्रांजल चोवीस वर्षांची. खरातवस्तीवर राहते आणि आसपासच्या बारा वस्त्यांवर शेळ्यामेंढ्यांचं बघते. लस टोचणं, जंताचं औषध पाजणं, वाढलेली खुरं कापणं. जे दुखणं आपल्या आवाक्यातलं नाही त्याचा फोटो काढून ती तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवते आणि ते सांगतील तसं करते. सरकारी कागदात ह्या कामाला पशुसखी म्हणतात. वस्त्यांवर म्हणतात, "प्रांजलला फोन लाव." तिचा नंबर लोकांनी विहिरीवर, पाण्याच्या टाकीवर, लिंबाच्या बुंध्यावर लिहून ठेवलाय, कारण मेंढपाळाच्या फोनची बॅटरी संपलेली असते आणि तो दुसऱ्याचा फोन मागून लावतो. नंबर बदलला तर बारा वस्त्यांच्या भिंती बदलाव्या लागतील.

तिच्या जुन्या फोनला रबर लावलेलं होतं, नाहीतर पाठ निघून पडायची. कॅमेऱ्याच्या काचेला चीर. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या एका फोटोवर उत्तर धाडलं होतं: "हे मेंढीचं तोंड आहे की डोंगर?"

तर तिचा कागद असा:

*दोन सिम.*
*चार बोटांवरनं फोटो स्वच्छ.*
*वाऱ्यात ऐकू येईल एवढा आवाज.*
*ओला हात चालला पाहिजे.*
*बॅटरी दोन दिवस.*
*डाव्या हातात मावणारा, हलका. उजवा हात जबड्यात असतो.*
*पडला तर पडू दे.*

फोन कसा निवडावा ह्यावर तास तास बोलणारी माणसं हल्ली घराघरांत आहेत. त्यांतली तीन त्या दिवशी दुकानात होती. कागद कुणी वाचला नाही.

वजन

भाऊसो हे नवऱ्यामुलाचे चुलते. पस्तीस वर्षं गलाईच्या धंद्यात, म्हणजे परमुलखात जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यात. आधी मदुराईत स्वतः बसत. आता पुतण्या विश्वजीत, म्हणजे नवरामुलगाच, तिथं बसतो आणि हे गावात बसतात. भाऊसोंचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणच्या तोंडापर्यंत जायचे. ही गोष्ट भाऊसो कुणाला सांगत नाहीत, आणि दुसरं कुणी सांगायला लागलं की नेमका तेव्हाच त्यांना फोन येतो.

त्यांनी फोन बघितला नाही. डोळे मिटले आणि तळहात पुढं केला. दुकानदार अमृतनं त्यावर एक फोन ठेवला.

"एकशे ऐंशी," भाऊसो म्हणाले.

अमृतनं खोकं उलटं करून वाचलं. "एकशे ब्याऐंशी."

"दोन गिरॅम काचंवरच्या कागदाचं."

"बरोबर बोलला," अमृत म्हणाला. तो सगळ्याच गिऱ्हाइकांना हेच म्हणतो.

विश्वजीतची थोरली बहीण रेश्मा, साताऱ्याहून मुद्दाम आलेली, तिनं टाळ्या वाजवल्या. प्रांजलचे वडील जोतीराम ह्यांनी मान हलवली. जोतीरामांची मान कुणीही काहीही म्हटलं तरी हलते. त्यामुळं आयुष्यात त्यांची कुणाशी भांडणं झाली नाहीत, आणि त्यांचं कुणी ऐकलंही नाही.

"ह्यो नगं. पोकळ हाय. दुसरा दे."

दुसरा आला, तिसरा आला. भाऊसो डोळे मिटून आकडे सांगत होते आणि अमृत खोकी वाचत होता. शेजारी रिचार्जला आलेली दोन माणसं रिचार्ज विसरून बघत उभी राहिली. चौथा फोन हातावर पडला तसा भाऊसोंचा हात बोटभर खाली गेला आणि चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव आला.

"हां. ह्याला म्हणायचं माल."

दोनशे अठ्ठावीस ग्रॅम. डोळे उघडून बघितलं तर रंग सोनेरी. मग विषयच संपला. त्यांनी अंगठ्याच्या नखानं कड खरवडून बघितली.

"आवं, मुलामा न्हाई त्यो. रंगच तसा हाय," अमृत घाईनं म्हणाला.

"मग टिकंल?"

"बरोबर बोलला. टिकंल."

पस्तीस वर्षं सोनं जोखलेल्या माणसाला जगातली एकच गोष्ट कळते: जड ते खरं. भाऊसोंच्या घरातलं कपाट, पंखे, मिक्सर, सगळं ह्याच कसाला लागून आलेलं आहे. मिक्सर हलवायला दोन बायका लागतात. चटणी मात्र पाट्यावरच वाटतात.

"मामा, मला हलका पायजे," प्रांजल म्हणाली. "एका हातात लय येळ धरावा लागतोय."

"सवय हुती गं. तुज्या चुलतसासूला पाटल्या बी जड वाटायच्या."

कॅमेरा

रेश्मा साताऱ्यात राहते म्हणून तिला कळतं. तिनं चाळीस व्हिडिओ बघितले होते आणि त्यांतल्या माणसांसारखीच बोलत होती.

"कॅमेरा कुठला महत्त्वाचा, सांग? पुढचा. मागचा काय, मागचा सगळ्यांच्याच फोनला असतो." तिनं सोनेरी फोन उंच धरला, हनुवटी खाली घेतली, ओठ चिमटले, फोटो काढला आणि प्रांजलच्या नाकासमोर धरला. "बघ. डोळ्यांखालचं गेलं का नाही?"

गेलं होतं. डोळ्यांखालचं गेलं होतं, गालावरचा तीळ गेला होता, नाकही थोडं गेलं होतं.

"मी बघू का, आक्का?"

प्रांजलच्या खालच्या ओठाच्या आत दोन दिवसांपासून फोड आली होती. तिनं फोन डाव्या हातात घेतला, उजव्या अंगठ्यानं ओठ उलटा केला, जबडा उघडला, जीभ बाहेर काढली आणि त्याच पुढच्या कॅमेऱ्यानं स्वतःच्या तोंडाचा फोटो काढला. भर दुकानात. दिव्याखाली. रिचार्जवाल्यांतला एकजण मागं सरकला. विश्वजीतनं दुकानात आल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या फोनमधून मान वर काढली. तोवर तो मदुराईचं हवामान बघत होता.

"अगं ए! काय करतीयास?" रेश्मा ओरडली.

"आ," प्रांजल म्हणाली. जीभ अजून आत जायची होती.

मग तिनं फोटो बोटांनी मोठा केला. हिरड्या गुलाबी, ओठ गुळगुळीत, तोंड एखाद्या जाहिरातीतलं.

"फोड गेली," ती म्हणाली.

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसं, आक्का? तोंडात हाय की अजून. उद्या शेळीच्या तोंडातली फोड ह्यानं पुसली तर डॉक्टर म्हणणार शेळी धडधाकट हाय. औषद कुणाला पाजू मग, फोनला?"

"ते ब्युटीचं बंद करता येतं," अमृत म्हणाला.

"बंद कशाला करायचं?" रेश्मानं विचारलं. तिचा प्रश्न मनापासूनचा होता. ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे द्यायचे ती बंद करायची, हे तिच्या चाळीस व्हिडिओंपैकी एकातही नव्हतं.

प्रांजलनं मागच्या कॅमेऱ्यानं चार बोटांवरून आपल्या अंगठ्याचा फोटो काढला. अंगठा धुक्यात गेला.

"जरा लांबनं काढा, म्हंजे येतोय," अमृत.

"माझा दुसरा हात जबड्यात असतोय. हात किती लांब करू?"

ती स्वतःच काचेच्या कपाटाशी गेली, वाकली आणि सगळ्यांत खालच्या फळीवरचा एक फोन मागितला. मागच्या वर्षीचं मॉडेल. काळं प्लास्टिक, कडा जाड, पाठ खरबरीत. तिनं परत ओठ उलटा केला. ह्या वेळी सगळ्यांनी आधीच तोंडं फिरवली. फोटोत फोड दिसली. पांढरी, भोवती लाल कडं. ओंगळ आणि स्पष्ट. तिनं शिट्टीवाली रिंग लावून बघितली तर रस्त्यावरचा एक माणूस थांबला. तिनं अमृतच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवून काच चालवली. मग आतला कप्पा ओढायला सांगितला. दोन सिम.

"ह्यो," ती म्हणाली.

भाऊसोंनी हात पुढं केला, डोळे मिटले.

"एकशे पासष्ट," ते म्हणाले, आणि मेलेला उंदीर ठेवावा तसा तो काउंटरवर ठेवला. "ह्यो ताटात ठेवायचा? च्यार माणसांत? लोकं म्हणत्याली गलाईवाल्याचं दिवाळं वाजलं."

बॅटरी

कुणी विचारलं नाही.

सिम

आता विश्वजीत. वय अठ्ठावीस, स्वभाव शांत, म्हणजे चुलते बोलत असताना तो बोलत नाही. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं प्रांजलनं सासरच्या गावात राहायचं असं ठरलं होतं, आणि ते गाव खरातवस्तीपासून अकरा किलोमीटरवर. म्हणून बैठकीत तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, की माझं काम चालू राहील ना? "राहू दे की," विश्वजीत म्हणाला होता. भाऊसो काही म्हणाले नव्हते. ते बशीत खारी बुडवत होते. त्या तीन शब्दांवर प्रांजलनं होकार दिला होता. दुसरं काही तिनं मागितलं नव्हतं.

विश्वजीतनं खिशातून एक पाकीट काढलं. त्यात नवं सिम होतं.

"जोडीचा नंबर हाय," तो लाजत म्हणाला. "माझ्या शेवटी एक्केचाळीस, हिच्या शेवटी बेचाळीस. बाकी सगळं सारखं. महिनाभर मागं लागलो तवा घावला."

"अय्या!" रेश्मा म्हणाली. "भावा, तू तर कमालच केलीस."

त्याला खरंच वाटत होतं की ही माया आहे. तेवढ्यावर थांबला असता तर चाललंही असतं. पण तो पुढं बोलला.

"ह्या नंबरवर फकस्त मी आन घरची. उगं कुणीबी उठून फोन करायचा न्हाई."

"बरं," प्रांजल म्हणाली. "मग माझा नंबर दुसऱ्या कप्प्यात घालू."

अमृतनं घसा साफ केला. "त्या सोनेरीत एकच कप्पा हाय. दुसरं बिनकार्डाचं करता येतंय, पर त्याला तुमच्या कंपनीत अर्ज—"

"नगं," विश्वजीत म्हणाला. "एकच बास."

"बैठकीत तुमी म्हणलासा, काम राहू दे."

"राहू दे की काम. नंबर कशाला पायजे?"

हे तो गंमतीनं म्हणाला नव्हता. दुकानातले सगळे पंखे चालू होते, तरी सगळ्यांना नीट ऐकू आलं, आणि प्रांजल सोडून कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुमच्याकडं किती नंबर हायती?" तिनं विचारलं.

"तीन."

"तीन कशाला?"

"एक घरचा, एक मदुराईतला, एक धंद्याचा."

"माझा बी धंद्याचाच हाय."

आधी भाऊसो हसले. पोट धरून हसले. "शेरडांचा धंदा!" ते म्हणाले. "आरं गड्या, उद्या शेरडंबी फोन करत्याली! म्हणत्याली, डॉक्टरीणबाई, पोटात दुकतंया!" रेश्मा हसली, अमृत हसला, कारण गिऱ्हाईक हसत होतं. रिचार्जवाले हसले. विश्वजीतही जरा हसला, आधी चुलत्यांकडं बघून घेऊन. आणि जोतीरामांची मान हलली. हसणाऱ्यांच्या बाजूनं हलली. प्रांजलनं ती हलताना बघितली.

तेवढ्यात रबर लावलेला फोन वाजला.

पलीकडून तानुबाई. ही एक म्हातारी, चाळीस मेंढरांची मालकीण. फोनवर बोलताना ती मधल्या अंतरावर विश्वास ठेवत नाही आणि सरळ हाळी देते. त्यामुळं दुकानात सगळ्यांनाच ऐकू आलं.

"प्रांजल! पोरी, मेंढी फुगलीया गं! डाव्या अंगानं नुसता ढोल झालाय!"

"काय खाल्लं तिनं?"

"लसूणघासात शिरली हुती मुडदी!"

"बसू दिऊ नका. चढावर हुबी करा, पुढचं पाय वर. वाटीभर गोडं त्याल पाजा, हळू पाजा, न्हाईतर ठसका लागंल. डावी कूस चोळत ऱ्हावा. मी निघतीया."

"अगं, त्याल कंच्या तोंडानं—"

"तिच्या तोंडानं, मावशी. तुमच्या नव्हं."

बोलत बोलत ती दारापर्यंत गेली होती. चार मिनिटांनी परत आली तर काउंटरवरची कामं उरकली होती. सोनेरी फोनचं बिल झालं होतं. नवं सिम त्यात बसलं होतं, फोन चालू होऊन भाऊसोंच्या वरच्या खिशात गेला होता आणि त्या वजनानं सदरा एका बाजूला ओढला गेला होता. रविवारी ताटात ठेवायचा, तोवर तो त्यांच्याकडं. रेश्मा विश्वजीतच्या फोनात बोटं चालवत होती.

"हिचा जुना नंबर काढून नवा घातलाय हां," ती भावाला म्हणाली. "उगं घोळ नको."

विश्वजीतनं प्रांजलपुढं हात केला. "आन त्यो जुना. सिम काढून टाकू."

तिनं दिला. सिम काढायचं तर तिलाही होतं. त्यानं रबर सोडलं, पाठ उघडली, नखानं सिम उचकटलं आणि तळहातावर घेतलं. "मामा, तुमच्या नावावर हाय न्हवं हे? एक अर्ज द्या, बंद हुतंय," तो जोतीरामांना म्हणाला.

मेंढीच्या कानातली गोचीड काढतात तसं प्रांजलनं दोन बोटांत धरून ते सिम त्याच्या तळहातावरून उचललं.

"अमृतदादा, काळ्या फोनात घाला हे. त्यो मी घेतीया. माझ्या पैशानं."

"अगं, पर ताटात—" भाऊसो.

"ताटात तुमचा ठेवा की, मामा. लय जड हाय, ताट वाऱ्यानं हालायचं न्हाई. रविवारी मी त्यो घीन, कुंकू लावून घीन, फोटूला हुबी ऱ्हाईन. आन तुमाला बोलायचं असंल," ती विश्वजीतकडं वळली, "तर त्या बेचाळीसवर बोलीन. पर माझा नंबर चालू ऱ्हाणार. त्यावर कुणाचाबी आला तरी उचलणार. लग्नाआधी बी, मागनं बी. चालत असंल तर या. चालत नसंल तर तसं कळवा."

भाऊसोंनी जोतीरामांकडं बघितलं. आता बापानं दोन शब्द सुनवावेत, अशी ती नजर होती.

"पाव्हणं," जोतीराम म्हणाले, "पोर बोलली ती बोलली."

त्यांची मान हलली नाही.

बापलेक स्कूटीवर बसून तानुबाईच्या मेंढीकडं गेले. मेंढी वाचली.

पोच

विट्यातून निघालेल्या जीपमध्ये, गावची कमान यायच्या आत, भाऊसोंनी सोयरीक मोडली. कारणं त्यांनी दिली ती अशी: पोरगी तोंड लय उघडती, आणि उघडून फोटू काढती. बाप धड हो म्हणत न्हाई, धड नाही म्हणत न्हाई. आन शेरडांच्या वासाची सून मदुराईला न्हेली तर सराफकट्ट्यात काय सांगायचं. तीन वर्षं विश्वजीतला मुलगी मिळत नव्हती, हे त्यांनी कारणांत धरलं नाही.

"तू कळव तिला," ते पुतण्याला म्हणाले. "कळवा म्हणली न्हवं? कळव."

मदुराईच्या व्यापाऱ्यांशी तमिळमध्ये हुज्जत घालणाऱ्या ह्या माणसाला एका मुलीला फोन लावायचं धाडस झालं नाही. त्यानं मेसेज लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा पुसला. *आमच्या घरच्यांना हे जमणार नाही. रविवारी आम्ही येत नाही. राग मानू नये.* प्रांजलचं नाव शोधलं आणि पाठवला.

भाऊसोंच्या खिशात टिंग झालं.

"काय आलं?" रेश्मानं मागून विचारलं.

"कंपनीचं मेसेज," भाऊसो म्हणाले आणि माशी मारल्यासारखा खिशावर हात मारला. "मघाधरनं चालू हाय. नव्या सिमला यायचंच."

"पोचला," विश्वजीत आपल्या फोनकडं बघत म्हणाला. त्याला जरा बरं वाटलं.

खरातवस्तीवर कुणाचाच फोन आला नाही. प्रांजलनं कळवायला सांगितलं होतं, आणि तिचा नवा फोन शिट्टी मारून सगळ्या जगाचं कळवत होता. त्यांचंच काही नव्हतं. म्हणून ती धरून चालली की त्यांना मान्य आहे. शुक्रवार आणि शनिवार. ह्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तिनं मेंदी काढली. उजव्या हाताला फक्त मनगटापर्यंत, कारण शनिवारी तिला पंधरा शेळ्यांना लस टोचायची होती. एकदा आईनं विचारलं, "आलाच त्यांचा फोन तर काय म्हणशील?" "हॅलो म्हणीन," ती म्हणाली आणि हसली. विश्वजीतला दोन कप्प्यांचं पटलं, असं तिला वाटत होतं. तिला तो थोडा आवडायला लागला होता.

रविवारी मांडव घातला. साठ माणसांचा भात, आमटी, लापशी. अकराचा मुहूर्त होता. बारा वाजले. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं, तिसऱ्यांदा लापशीच्या पातेल्याकडं. एक वाजता जोतीरामांनी भाऊसोंना फोन लावला. त्यांचा फोन बटणांचा. त्याचा आवाज कमी करायचं बटण कधीच तुटलंय, त्यामुळं मांडवातल्या शेवटच्या रांगेलाही सगळं ऐकू जात होतं.

"पाव्हणं, कुटवर आलायसा?"

"कुटवर म्हंजे? आमी न्हाई येत. गुरवारीच कळवलंय की!"

"कुणाला?"

"पोरीला. मेसेज गेलाय. पोचलाय बी."

"पोरीचा फोन माझ्या समूर हाय. त्यात कायबी न्हाई."

मग पलीकडं गलका झाला. विश्वा, कुटल्या नंबरला रं? रेश्माचा आवाज, मग विश्वजीतचा, हळू, अडखळत: शेवटी बेचाळीस. मग कपाट उघडल्याचा आवाज, जड दाराचा. सोनेरी फोन बाहेर निघाला. कंपनीचे सतरा मेसेज होते आणि त्यांत एक पुतण्याचा.

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा. मग बायकांची सगळी बाजू. भाऊसो दुकानात हसले होते त्याच्या दुप्पट हसणं होतं हे, आणि ते त्यांच्या कानापर्यंत पोचत होतं.

"पाव्हणं," जोतीराम म्हणाले, "त्यो फोन आता तुमीच वापरा. तुमच्या घरातनं तुमच्याच घरात लागतोय. दुसऱ्याची गरजच न्हाई."

आणि त्यांनी फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन.

सगळ्यांनी प्रांजलकडं बघितलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, काठापदराची साडी, केसांत अबोली. ती हसत नव्हती. मेंदीचा हात तिनं साडीला पुसला, पुसून जाण्यासारखं त्यावर काही नसताना.

"वाढा की," ती म्हणाली. "भात गार झाला."

दुपारी तिनं काळ्या फोनातून विश्वजीतचा नंबर काढून टाकला. त्याला दोन वेळा बोट दाबावं लागलं; पहिल्यांदा फोननं विचारलं, नक्की का?

विश्वजीतच्या आईनं, बनुबाईनं, प्रांजलला पहिला फोन केला तो मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, विहिरीच्या कठड्यावरचा नंबर वाचून. त्यांची शेळी व्यायला अडली होती.